जपानहून चॉकलेटचा खाऊ आणायचा असेल तर: चव घेण्यापासून घरी पोहोचवण्यापर्यंत

जपानला निघालेल्या माणसाच्या हाती घरून जी फर्माइशींची यादी पडते, तिच्यात हल्ली ‘हिरवे किटकॅट’ हमखास असते. ती फर्माईश पुरी करणे मुळीच अवघड नाही. अवघड जाते ते पुढचे, कारण दुकानात शेकडो खोकी मांडलेली असतात, त्यांवरचा मजकूर जपानीत असतो आणि आपल्याकडची बरीच कुटुंबे साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा, बहर पाहायला किंवा मुलांच्या सुट्टीत एप्रिल-मे महिन्यांत जात असल्यामुळे खाऊ घरी पोहोचतो तो ऐन उन्हाळ्यात. हा लेख पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: खोक्याचे रूप किंवा नावाची प्रसिद्धी पाहण्याआधी तो खाऊ किती दिवस आणि किती उष्णतेत टिकतो हे पाहावे, आणि मोठा खोका घेण्यापूर्वी त्यातला किंवा त्याच जातीचा एखादा तुकडा तिथेच खाऊन पाहावा.

सोबत काय असावे

- मूळ पासपोर्ट. करमाफीच्या खरेदीसाठी त्याची छायाप्रत चालत नाही.
- कॅमेऱ्यातून भाषांतर करणारे ॲप. जपानी भाषा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावी, म्हणजे तळघरातल्या दुकानात नेटवर्क गेले तरी अडत नाही.
- घडी होणारी कापडी पिशवी. जुलै २०२० पासून जपानमधल्या दुकानांत प्लास्टिकच्या पिशवीचे वेगळे पैसे पडतात.
- आतून चंदेरी अस्तर असलेली उष्णतारोधक पिशवी. नसल्यास तिथल्या शंभर येनच्या दुकानांत ती सहज मिळते.
- झिपच्या काही पिशव्या आणि एक मार्कर पेन.
- माणसांची यादी. तिचे काम पहिल्याच पायरीला पडते.

१. आधी माणसांची यादी करावी, मग खाऊची

यादीत प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: ती व्यक्ती अंडे खाते का, मद्याचा अंश असलेला पदार्थ तिला चालतो का, आणि खाऊ तिच्या हाती नेमका कधी पडणार. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. ज्या मावशींकडे आपण परतल्यावर पंधरा दिवसांनी जाणार आहोत, त्यांच्यासाठी आठवडाभर टिकणारा केक घेण्यात काहीच अर्थ नसतो.

कार्यालयात किंवा सोसायटीत वाटायचे असेल तर काम सोपे आहे. जपानमध्ये प्रवासाहून परतलेला माणूस सहकाऱ्यांसाठी ‘ओमियागे’, म्हणजे तिथला खाऊ, घेऊन येतोच, आणि तो टेबलाटेबलांवर एकेक ठेवता यावा म्हणून खोक्यातला प्रत्येक नग वेगळ्या वेष्टनात असतो. आपल्याला ही सोय आयतीच मिळते. नग किती आहेत हे खोक्यावर आकड्यात छापलेले असते. तो आकडा न पाहता खोक्याच्या आकारावर विसंबू नये, कारण देखण्या खोक्यांत पुठ्ठ्याचे कप्पेच पुष्कळ असतात.

२. पहिल्या दोन-तीन दिवसांत फक्त चाखावे

जपानी चॉकलेट आपल्या जिभेला सवयीच्या चॉकलेटपेक्षा कमी गोड लागते. माचाच्या, म्हणजे हिरव्या चहाच्या बारीक पुडीच्या, चॉकलेटमध्ये चहाच्या पानांचा हिरवट कडसरपणा स्पष्ट जाणवतो, आणि तो सगळ्यांना रुचतोच असे नाही. कित्येक घरांत पहिल्या दिवशी कौतुकाने उघडलेले हिरवे पाकीट पुढे महिनाभर डब्यात पडून राहते. म्हणून पहिले काही दिवस सेव्हन-इलेव्हन, फॅमिलीमार्ट, लॉसन यांसारख्या कोपऱ्यावरच्या दुकानांतून सुटे आणि स्वस्त नग घेऊन घरातल्या सगळ्यांनी मिळून चव पाहावी.

यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटतात ती मुलांच्या खिशाला परवडणारी चॉकलेटे. चिरोल चोको हा चौकोनी, एका घासाचा तुकडा १९६२ पासून बाजारात आहे आणि त्याच्या चवी सतत बदलत असतात; भाजलेल्या सोयाबीनच्या पिठाची आणि आत मऊ मोची (चिकट तांदळाचा गोळा) असलेली चव मिळाली तर सोडू नये. ब्लॅक थंडर ही कोको बिस्किटाचे तुकडे घातलेली कुरकुरीत वडी १९९४ पासूनची. बुर्बॉन कंपनीचे आल्फोर्ट म्हणजे बिस्किटावर बसवलेली चॉकलेटची पातळ पाटी, जिच्यावर शिडाचे जहाज कोरलेले असते.

मेइजी कंपनीच्या दोन खाऊंची मौज मात्र वेगळीच आहे. ‘किनोको नो यामा’ (१९७५) हे अळंबीच्या आकाराचे असते, देठ खुसखुशीत बिस्किटाचा आणि टोपी चॉकलेटची. ‘ताकेनोको नो सातो’ (१९७९) हे बांबूच्या कोंबासारखे असून आत ठिसूळ कुकी असते. या दोहोंत सरस कोणते यावरून जपानमध्ये आजही हिरिरीने वाद घातला जातो. दोन्ही खोकी आणून घरच्यांचे मतदान घ्यावे. मुलांना कोणत्याही भारी खोक्यापेक्षा हेच अधिक आवडते, असा माझा अनुभव आहे. माझे स्वतःचे मत कोंबाला.

३. वेष्टनाची मागची बाजू वाचायला शिकावे

संपूर्ण मार्गदर्शकातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि घाईत हीच राहून जाते.

*तारीख.* जपानी तारखेत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस येतो. ‘२६.११.०७’ असे छापलेले असेल तर ती २०२६ सालच्या नोव्हेंबरची ७ तारीख होय. आपल्या सवयीने वाचले तर ती २००७ सालची वाटते आणि चांगला माल जुना म्हणून परत ठेवला जातो. याच्या उलट फसगत अधिक महागात पडते, कारण ‘२६.०५.२८’ अशी जेमतेम मुदत उरलेले खोके भरपूर मुदतीचे समजून घेतले जाऊ शकते. तारखेचे प्रकारही दोन आहेत. ‘शोमि किगेन’ म्हणजे चव उत्तम राहण्याची मुदत, जी बहुतेक चॉकलेटवर असते. ‘शोहि किगेन’ म्हणजे त्या तारखेनंतर खाऊच नये अशी मुदत, जी ताज्या मलईच्या केकसारख्या नाशवंत पदार्थांवर असते. ही दुसरी तारीख ज्यावर आहे तो पदार्थ हॉटेलच्या खोलीतच संपवावा.

*तापमान.* साठवणीच्या ओळीत अंशांचा आकडा शोधावा. साध्या चॉकलेटवर बहुधा २८ अंशांखाली ठेवण्याची सूचना असते. तिथे १० असा आकडा दिसला तर तो माल शीतकपाटातला आहे आणि त्याच्या प्रवासाची व्यवस्था वेगळी करावी लागेल. सुरुवातीला म्हटले ते हेच, की पुढचे सगळे निर्णय या एका आकड्यावर ठरतात.

*शाकाहार.* आपल्याकडचा हिरवा ठिपका जपानमध्ये नाही, त्यामुळे घटकांची यादी वाचण्याला पर्याय नसतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात, एका तिरक्या रेघेनंतर मिश्रके सुरू होतात, आणि शेवटी कंसात ॲलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांची एकत्र नोंद बहुधा असते. अंडे, दूध, गहू, कोळंबी, खेकडा, बकव्हीट, भुईमूग आणि अक्रोड हे घटक नोंदवणे सक्तीचे आहे. म्हणजे अंड्याचा प्रश्न तिथेच मिटतो. प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून काढलेले जिलेटिन मात्र सक्तीच्या यादीत नाही, म्हणून ते मुख्य घटकांत शोधावे. मार्शमॅलो किंवा चिवट जेलीचा थर असलेल्या खाऊत ते असण्याचा संभव मोठा. इमल्सिफायर (घटक एकजीव ठेवणारे मिश्रक) वनस्पतिजन्य की प्राणिजन्य, हे लेबलवर सांगितलेच पाहिजे असे नाही. काटेकोर शाकाहारी माणसाने ही संदिग्धता मान्य करावी किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर माहिती शोधावी. स्ट्रॉबेरीच्या काही गुलाबी खाऊंत कोचिनियल हा किड्यांपासून काढलेला रंग असतो, तर काहींत बीटचा. ॲपच्या भाषांतरात ‘कोचिनियल’ दिसल्यास काय ते समजावे.

दुकानात विचारायचे झाल्यास “तामागो वा हाइत्ते इमासु का?” एवढे पुरते, यात अंडे आहे का, असा त्याचा अर्थ. अंड्याच्या जागी ‘झेराचिन’ म्हटले की जिलेटिनची चौकशी होते. ‘व्हेजिटेरियन आहे का’ असे विचारू नये, कारण उत्तर देणाऱ्याच्या मनातली व्याख्या आपल्याहून निराळी असू शकते.

*मद्य.* घटकांत ‘योशु’ असे आढळले तर त्यात विदेशी मद्य आहे. लोत्ते कंपनीची रम-मनुकांची ‘रमी’ आणि कोन्याक ब्रँडीची ‘बॅकस’ ही हिवाळ्यात मिळणारी चॉकलेटे उत्तम असतात, पण त्यांत तीन टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असते. लहान मुलांच्या डब्यात ती जाऊ नयेत.

एक सापळा ओळखीच्या नावांचाही आहे. भारतात हिरव्या ठिपक्यासह विकला जाणारा चोको पाय आणि जपानमधला त्याच नावाचा खाऊ यांची कृती एक नाही. नाव ओळखीचे म्हणून लेबल वाचण्याचे टाळू नये.

४. कोणाला काय द्यावे

*दूरच्या आणि उशिरा भेटणाऱ्यांसाठी: शिरोई कोइबितो.* होक्काइदो बेटावरच्या साप्पोरो शहरातल्या इशिया कंपनीने १९७६ साली बाजारात आणलेला हा खाऊ म्हणजे दोन पातळ, कडा किंचित तांबूस भाजलेल्या बिस्किटांमध्ये पांढऱ्या चॉकलेटची चौकोनी पाटी. बिस्किट दाताखाली फुटून विरघळते आणि चॉकलेटची पाटी त्याच्यानंतर क्षणभर टिकते. मुदत काही महिन्यांची, नग सुटे वेष्टित, खोके मजबूत. वाटपासाठी याहून निर्धोक वस्तू मला माहीत नाही. फक्त बिस्किटात अंड्याचा पांढरा बलक असतो, हे शाकाहाऱ्यांना आधी सांगावे.

होक्काइदोच्या खाऊंत पांढरे चॉकलेट वारंवार भेटते, याला कारण आहे. जपानचे निम्म्याहून अधिक दूध या एका बेटावर निघते. ओबिहिरोच्या रोक्काते या मिठाईवाल्यांनी १९६८ सालीच पांढरे चॉकलेट बनवायला घेतले होते, देशात सर्वांत आधी. त्यांची ‘मारुसेई बटर सँड’ म्हणजे लोणी, पांढरे चॉकलेट आणि मनुकांचे सारण भरलेले बिस्किट, अप्रतिम असते, परंतु ते आठ-दहा दिवसांतच खावे लागते आणि उष्णता सोसत नाही. त्याऐवजी त्यांच्याच गोठवून सुकवलेल्या स्ट्रॉबेरी, चॉकलेटचे जाड आवरण दिलेल्या, आणाव्यात. आतली आख्खी स्ट्रॉबेरी कोरडी, कुरकुरीत आणि चांगलीच आंबट असते. गोडाचा कंटाळा असलेल्या माणसालाही ती आवडते.

*शाळकरी मुलांसाठी आणि मोठ्या वाटपासाठी: किटकॅट.* जपानमध्ये ते १९७३ साली आले आणि पुढे त्याला प्रांतोप्रांतीच्या चवी मिळाल्या: क्योतोजवळच्या उजीचा माचा, शिझुओकाचा वासाबी हा झणझणीत कंद, शिन्शूचे सफरचंद, होक्काइदोचे खरबूज. छोट्या किटकॅटच्या वेष्टनामागे दोन शब्द लिहिता येतील अशी कोरी जागा असते. मार्कर पेन सोबत ठेवायला सांगितले ते यासाठी. प्रत्येक मुलाचे नाव लिहून दिले की त्याच खाऊचे मोल वाढते. मोठ्या पाकिटांची बाहेरची पिशवी २०१९ पासून कागदी होऊ लागली आहे आणि ती बॅगेत फाटते, म्हणून पाकीट झिपच्या पिशवीत घालावे. साके या तांदळाच्या मद्याच्या चवीच्या किटकॅटमध्ये थोडे अल्कोहोल असते, हेही ध्यानात ठेवावे.

*घरच्यांसाठी, परतल्याच्या दिवशी: नामा चॉकलेट.* १९८३ साली साप्पोरोत सुरू झालेल्या रॉइसचे नामा चॉकलेट सर्वांत प्रसिद्ध आहे. तिथल्या उद्योगाच्या नियमानुसार ‘नामा’ म्हणवण्यासाठी चॉकलेटमध्ये किमान १० टक्के क्रीम आणि किमान १० टक्के पाण्याचा अंश असावा लागतो, आणि त्यामुळेच ते इतके मऊ आणि इतके नाजूक असते. खोके उघडले की कोकोच्या भुकटीत लोळवलेले चौकोनी तुकडे ओळीने दिसतात आणि सोबत एक इवलासा काटा असतो. तो वापरावा, कारण बोटांच्या उबेनेच कडा ढळतात. हे १० अंशांखाली ठेवावे लागते. मुदत साधारण महिन्याची. काही चवींत मद्य असते. रॉइसचा माल मुंबईतही मिळतो, तेव्हा ज्यांच्या प्रवासात थंडावा राखणे कठीण आहे त्यांनी नामाऐवजी त्याच कंपनीचे चॉकलेट लावलेले बटाट्याचे वेफर्स आणावेत. नाव ऐकून नाक मुरडू नये. खारट-गोडाचा तो मेळ सुरेख जमलेला आहे.

तोक्यो बनाना ही १९९१ पासूनची केळ्याच्या क्रीमची मऊ केकवडी प्रसिद्ध असली तरी तिची मुदत सुमारे आठवडाभराचीच असते. परतीच्या दिवशी घेऊन दुसऱ्या दिवशी वाटणार असाल तरच ती घ्यावी.

५. कुठे घ्यावे

सुटी चॉकलेटे आणि किटकॅटची मोठी पाकिटे डॉन किहोते या स्वस्त मालाच्या दुकानसाखळीत, सुपरमार्केटांत आणि औषधांच्या मोठ्या दुकानांत स्वस्त पडतात. देखणे खोके हवे असेल तर डिपार्टमेंट स्टोअरचे तळघर किंवा तोक्यो, क्योतो, ओसाका यांसारखी मोठी रेल्वे स्थानके. होक्काइदोला जाणार नसलात तरी हिरमुसण्याचे कारण नाही. तोक्योत युराकुचो भागात होक्काइदोच्या मालाचे दुकान आहे आणि शिरोई कोइबितो आणि रॉइस हे दोन्ही खाऊ मोठ्या विमानतळांवर मिळतात. जे खरोखर एकाच प्रांतात मिळते, उदाहरणार्थ ब्लॅक थंडरचा होक्काइदोपुरता पांढरा अवतार, ते मात्र दिसताक्षणी घ्यावे.

ऋतूचाही विचार करावा. मेइजीचे मेल्टीकिस फक्त थंडीच्या दिवसांत येते. उन्हाळ्यात चॉकलेटचे कप्पेच आटतात. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनच्या आधी डिपार्टमेंट स्टोअरमध्ये चॉकलेटचे मोठे बाजार भरतात, तेव्हा निवड सर्वाधिक आणि गर्दीही तितकीच.

दुकानात खोक्यासोबत हातोहात द्यायच्या लहान कागदी पिशव्या मागाव्यात. काही ठिकाणी त्या फुकट मिळतात, काही ठिकाणी त्यांचे थोडे पैसे पडतात.

६. करमाफी

खाद्यपदार्थांवर जपानमध्ये ८ टक्के उपभोग कर आहे, आणि फळीवर बरेचदा करापूर्वीची किंमत ठळक छापलेली असते. ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या पद्धतीत, एका दुकानात एका दिवशी करापूर्वीची ५,००० येन किंवा त्याहून अधिक खरेदी केल्यास पासपोर्ट दाखवून कर तिथेच वगळला जातो. मात्र माल सीलबंद पिशवीत मिळतो आणि देश सोडेपर्यंत ती पिशवी उघडता येत नाही. म्हणून वाटेत खायचा खाऊ वेगळ्या बिलावर घ्यावा. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते: दुकानात करासह पूर्ण पैसे द्यायचे आणि निघताना विमानतळावर सीमाशुल्काची तपासणी झाल्यावर कर परत मिळवायचा. तेव्हा माल दाखवावा लागू शकतो, त्यामुळे ती बॅग तपासणीपूर्वी विमान कंपनीच्या ताब्यात देऊ नये.

७. बॅग भरताना

चॉकलेटमधले कोको बटर साधारण ३२ ते ३४ अंशांना वितळते, म्हणजे मे महिन्यातल्या मुंबईच्या दुपारीदेखील. विदर्भाचे तर बोलायलाच नको. त्यामुळे चॉकलेट हातातल्या बॅगेत ठेवावे. ताब्यात दिलेली बॅग धावपट्टीवर उन्हात किती वेळ उभी राहील याचा भरवसा नसतो. घन चॉकलेट सुरक्षा तपासणीत अडवले जात नाही. जेलच्या बर्फपिशव्यांना मात्र द्रवपदार्थांचा नियम लागू शकतो, विशेषतः सिंगापूर, बँकॉक अशा ठिकाणी विमान बदलताना जेव्हा पुन्हा तपासणी होते.

नामा चॉकलेटसाठी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ते निघताना, पासपोर्ट तपासणीनंतरच्या दुकानातून घेणे. शहरातल्या दुकानात विक्रेते किती वेळाचा प्रवास आहे असे विचारून त्या बेताने बर्फपिशवी देतात, पण ती व्यवस्था तास-दोन तासांच्या घरगुती अंतरासाठी असते. तिच्या जिवावर मुंबईपर्यंत येता येत नाही. विमानातल्या कर्मचाऱ्यांना शीतकपाटात ठेवण्याची गळ घालू नये, बहुतेकदा नकारच मिळतो. उष्णतारोधक पिशवी पायाशी, थंड हवेत ठेवली म्हणजे पुष्कळ काम होते.

खोकी सपाट ठेवावीत, उभी ठेवल्यास बिस्किटे कडेने तुटतात. परतीच्या टॅक्सीत पिशवी डिकीत न टाकता आत एसीपाशी घ्यावी, कारण एवढ्या दक्षतेनंतर घात होतो तो याच शेवटच्या तासात.

८. घरी आल्यावर

नामा चॉकलेट थेट फ्रिजमध्ये ठेवावे आणि खाण्याआधी पाच-दहा मिनिटे बाहेर काढावे. बाकीचे चॉकलेट उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवणे भाग पडले तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, नाही तर ते चिरलेल्या कांद्याचा आणि आमटीचा वास धरते. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नये. थंड चॉकलेटवर दमट हवेतले पाणी बसते, साखर विरघळून वर येते आणि सुकल्यावर खरखरीत पांढुरका थर उरतो. वितळून पुन्हा गोठलेल्या चॉकलेटवर दिसणारा गुळगुळीत करडा थर वेगळा असतो, तो कोको बटरचा. दोन्ही बुरशी नव्हेत आणि असे चॉकलेट खाण्यास सुरक्षित असते, फक्त पोत बिघडलेला असतो. भेट म्हणून ते देऊ नये. दुधात उकळून मुलांना गरम कोको करून द्यावा.

वाटप करताना आधी कमी मुदतीचा माल काढावा, आणि खोक्यातून सुटे नग देताना मुदतीची तारीख नगावर छापलेली नसेल तर पिशवीवर मार्करने लिहावी, आपल्या क्रमाने: दिवस, महिना, वर्ष.